आग थांबली, घाणेरी माजली: बिळिगिरीच्या सोलिगांचं प्रकरण

1997 साली कर्नाटकातल्या बिळिगिरीच्या जंगलात 134 ठिकाणी चौकटी आखून झाडोऱ्याची मोजणी झाली. त्यांतल्या 41 टक्के चौकटींत घाणेरी, म्हणजे बाहेरून आलेलं लँटाना हे झुडूप, सापडली. 2008 मध्ये पुन्हा मोजणी झाली तेव्हा ती 81 टक्के चौकटींत पोचलेली होती. मोजलेल्या एकूण खोडांमधला तिचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास होता, तो वीस टक्क्यांवर गेला. हे जंगल या सगळ्या काळात अभयारण्य म्हणून राखलेलं होतं. पहारा होता, शेतीला बंदी होती, आग लावायला बंदी होती. इतकं जपलेलं जंगल अकरा वर्षांत आतून असं कसं बदललं, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे.

डोंगरात राहणाऱ्या सोलिग आदिवासींकडे त्याचं उत्तर होतं: तुम्ही आमची आग बंद केलीत, म्हणून हे झालं. हे उत्तर कितपत खरं, ते ऐकायला एवढा वेळ का लागला आणि आता त्याचा उपयोग किती, ते इथे तपासायचं आहे.

जागा आणि माणसं

बिळिगिरीरंगन डोंगररांग चामराजनगर जिल्ह्यात आहे. पश्चिम घाट आणि पूर्व घाट यांना जोडणारा हा दुवा. पायथ्याला सहाशे मीटरच्या आसपास काटेरी झुडपं आणि माथ्यावर अठराशे मीटरच्या घरात गवताळ कुरणं आणि शोला, म्हणजे खोलगटातली खुजी सदाहरित वनं. मध्ये शुष्क पानगळीचं जंगल, दमट पानगळीचं जंगल, सदाहरित पट्टे. साडेपाचशे चौरस किलोमीटरच्या आत इतके प्रकार, त्यामुळे हत्ती, गवा, वाघ, सांबर, अस्वल सगळ्यांना इथे जागा मिळते.

सोलिग इथे किती पिढ्यांपासून आहेत याची नोंद कुणाकडे नाही, पण डोंगराचा कोपरान् कोपरा त्यांनी वाटून घेतलेला होता. प्रत्येक कुळाची आपली हद्द असते, तिला 'येल्ले' म्हणतात. त्या हद्दीत देवरु, मारम्मा, वीरु, पूर्वजांच्या दगडांचं कल्लुगुडी आणि पाण्याचा अब्बी, म्हणजे झरा, अशी पूजेची ठिकाणं असतात. बंगळुरूच्या 'अत्री' या संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी सोलिगांच्या जाणत्यांबरोबर फिरून अशी चारशेहून जास्त ठिकाणं नकाशावर आणली. वन विभागाच्या नकाशात ज्या जागेला फक्त कंपार्टमेंटचा क्रमांक आहे, तिथे सोलिगांच्या नकाशात कुळ, देव, झरा आणि कोण कुठे पुरला आहे ते, असं सगळं आहे.

डोंगरमाथ्यावरच्या रंगस्वामीला सोलिग मेहुणा मानतात, कारण त्यांच्या कथेप्रमाणे त्याने कुसुमाले या सोलिग मुलीशी लग्न केलं. भार्गवी नदीच्या काठी 'दोड्ड संपिगे' नावाचा प्रचंड सोनचाफा आहे. त्याचं वय कित्येक शतकांचं सांगतात आणि त्याची पूजा आजही होते.

उपजीविका म्हणजे नाचणीची फिरती शेती, कंदमुळं, मध, आणि थोडी शिकारही. शिकारीचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण आदिवासी ज्ञानाबद्दल लिहिताना तेवढा भाग गाळायची सवय लागली आहे. 1974 मध्ये अभयारण्य जाहीर झालं, 1987 मध्ये त्याची हद्द वाढली. शेतीसाठी फिरणं थांबलं, शिकार थांबली, माणसं 'पोडू' म्हणतात त्या कायमच्या वस्त्यांवर आली. आणि आग थांबली.

थंडीतली आग

सोलिग जी आग लावत तिला ते 'तरगु बेंकी' म्हणतात, म्हणजे पाचोळ्याची आग. पानगळ होऊन जमिनीवर पाचोळ्याचा थर बसला की साधारण जानेवारी-फेब्रुवारीत ती लावायची. तेव्हा खालची माती गार असते, पहाटेचं दव पाचोळ्यात मुरलेलं असतं, झाडांच्या सालीत ओल असते. आग जमिनीला चिकटून सरकत जाते. ओहोळ लागला किंवा सदाहरित पट्टा लागला की आपोआप विझते. सगळा डोंगर एकदम पेटवायचा नाही. कंद काढायला, मधाला, गुरांमागे जाणारी माणसं वाटेने जिथे पाचोळा साठलेला दिसेल तिथे पेटवत जात. त्यामुळे डोंगरावर जळलेले आणि न जळलेले तुकडे असे ठिगळासारखे पसरत, आणि उन्हाळ्यात चुकून कुठे भडका उडाला तर आधीच जळलेला तुकडा त्याला अडवे. वणवा अडवायला वन विभाग ज्या जाळरेषा, म्हणजे मोकळे पट्टे, मजूर लावून काढतो, ते काम ही आग जागोजाग करून ठेवत होती.

या आगीचे उपयोग विचारले तर सोलिग एका दमात बरेच सांगतात. राखेवर पहिल्या पावसात कोवळं गवत येतं, त्यावर गवा आणि सांबर येतात. गोचिडी मरतात. झुडूप विरळ राहिल्याने वाटेवर हत्ती किंवा अस्वल लांबून दिसतं. आवळ्यावरच्या बांडगुळाला धूर आणि धग लागते. आणि घाणेरीची रोपं कोवळी असतानाच मरतात.

घाणेरी आपल्यालाही नवी नाही. सह्याद्रीत गडाच्या वाटेवर, माळरानाच्या बांधाला, शहरातल्या पडीक प्लॉटवर ती असतेच. मूळची ती अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी बागेत लावायला कलकत्त्याला आणली आणि तिथून ती देशभर गेली. बुलबुलासारखे पक्षी तिची काळी फळं खातात आणि बी लांबवर टाकतात. खोड तोडलं तर बुडख्यातून चार नवी खोडं फुटतात. एकदा जाळी दाट झाली की खाली गवत टिकत नाही, झाडांची रोपं उभी राहत नाहीत. गवा, चितळ तिला तोंड लावत नाहीत. पोडूतल्या माणसांच्या दृष्टीने त्याहून वाईट म्हणजे जाळीआड हत्ती उभा असला तरी चार हातांवर येईपर्यंत दिसत नाही.

आता शास्त्रज्ञांच्या बाजूने काय होतं ते सांगायला हवं, कारण ती बाजू पोकळ नव्हती. अत्रीच्याच अंकिला हिरेमठ आणि भरत सुंदरम यांनी 2005 मध्ये एक गृहीतक मांडलं होतं की आग आणि घाणेरी एकमेकींना पोसतात. आगीने जंगलात मोकळी जागा होते, उजेड येतो. बुडख्यातून फुटणारी घाणेरी ती जागा सगळ्यांत आधी पकडते. तिची जाळी म्हणजे सुकं सरपण, त्यामुळे पुढची आग आणखी मोठी लागते आणि घाणेरीला आणखी जागा मिळते. तर्क पक्का आहे, आणि घाणेरीने आधीच भरलेल्या जंगलात असं होताना दिसतंही.

सोलिगांचं म्हणणं याच्या अगदी उलट. मला या प्रकरणातली सगळ्यांत मोलाची गोष्ट ही वाटते की संशोधक तिथे थांबले नाहीत. त्यांनी पोडूंमध्ये जाऊन सोलिगांना सविस्तर विचारलं: घाणेरी पहिल्यांदा कधी पाहिली, कुठून आली, कशाने वाढली. हे काम 2012 मध्ये प्रसिद्ध झालं. सोलिगांच्या सांगण्यात एक क्रम होता. घाणेरी पूर्वीही होती, पण तुरळक. पक्षी बी आणत, रोपं उगवत, आणि दरवर्षीच्या हलक्या आगीत मरत. बंदीनंतर ती रोपं मोठी झाली, त्यांचे बुडखे जाड झाले. तिथून पुढे आग त्यांना मारू शकत नाही, उलट पसरवते.

म्हणजे दोन्ही बाजू एकाच इतिहासाचे दोन टप्पे सांगत होत्या. रोप कोवळं असताना थंडीतली हलकी आग त्याला संपवते. जाळी झाल्यावर एप्रिलमधली मोठी आग तिला बळ देते. शास्त्रज्ञांनी जंगलाकडे पाहायला सुरुवात केली तेव्हा पहिला टप्पा होऊन गेला होता, त्यामुळे तो त्यांच्या मोजणीत येणं शक्यच नव्हतं. तो फक्त ज्यांनी ती आग लावली होती त्यांच्या आठवणीत होता. मोजणी सुरू होण्याआधीच्या पन्नास वर्षांची नोंद दुसरीकडे कुठे मिळणार? स्थानिक ज्ञानाचं मोल सांगताना लोक बहुधा औषधी वनस्पतींवर जातात. मला जंगल कसकसं बदलत गेलं याची ही स्मृती त्याहून महत्त्वाची वाटते.

सोलिगांचा दावा प्रयोगाने पुरता सिद्ध झालेला आहे असं मात्र म्हणता येणार नाही. घाणेरी वाढायला गुरांची चराई, पावसातले चढउतार, जुन्या शेतजमिनी पडीक पडणं अशी इतर कारणंही असू शकतात. पण ज्या जंगलात एक गोष्ट शतकानुशतकं होत होती आणि ती अचानक बंद केली, तिथे पुढच्या बदलाचं कारण शोधताना पहिला संशय त्या बंदीवर जायला हवा होता. तो गेला नाही. आग म्हणजे नुकसान हे वनखात्याच्या शिकवणीत इंग्रजांच्या काळापासून इतकं मुरलेलं आहे की थंडीतली आग आणि उन्हाळ्यातला वणवा यांत फरक करायची गरजच कुणाला वाटली नाही.

आवळा, बांडगूळ आणि झाडावर न चढणारा माणूस

शेती आणि शिकार थांबल्यावर सोलिगांच्या हातात रोख पैसा आणणारी मुख्य गोष्ट उरली ती वनोपज: आवळा, मध, दगडफूल, शिकेकाई, रिठा. 'लॅम्प्स' या आदिवासी सहकारी संस्थांमार्फत ते विकलं जाई. नव्वदच्या दशकातल्या अभ्यासांत पोडूतल्या कुटुंबांच्या रोख उत्पन्नाचा निम्म्याच्या आसपास भाग यातूनच येताना दिसतो. डॉ. एच. सुदर्शन यांनी 1981 मध्ये सुरू केलेलं विवेकानंद गिरिजन कल्याण केंद्र आणि पुढे अत्री यांच्या मदतीने मध आणि आवळ्यावर प्रक्रिया करायची केंद्रंही उभी राहिली.

मधाच्या बाबतीत सोलिगांची जाण किती बारीक आहे ते भाषा-अभ्यासक आँग सी यांनी नोंदलं आहे. आग्या मोहोळाला ते 'हेज्जेनु' म्हणतात, सातेरीला 'तुडुवे', फुलोरीला 'कड्डी जेनु' आणि पोयाच्या माशीला 'नेसरी'. कुठलं झाड फुललं की कोणती माशी कुठे उतरते, कोणत्या फुलोऱ्याचा मध कडवट, कोणत्या महिन्यात पोळं भरतं, हे सगळं एकमेकांत गुंफलेलं आहे.

आवळ्याचं प्रकरण जास्त बोलकं आहे. या डोंगरात आवळ्याच्या दोन जाती आहेत, एक पानगळीच्या जंगलातली आणि एक खालच्या शुष्क पट्ट्यातली, मोठ्या फळाची. दोन्हींवर बांडगूळ चढतं. त्याचं चिकट बी पक्षी फांदीवर पुसतात, ते तिथेच रुजतं आणि फांदीचा रस ओढून घेतं. आधी फळ कमी होतं, मग फांदी वाळते, मग झाड जातं. आवळा उतरवायला झाडावर चढलेला सोलिग हातातल्या कोयत्याने बांडगुळाची फांदी छाटून टाकत असे. त्याचे पैसे त्याला कुणी देत नव्हतं. पुढच्या वर्षी फळ हवं असेल तर हे करावंच लागतं, एवढंच.

वनोपजाचं गोळा करणं नेहमीच निर्दोष होतं असंही नाही. भाव चढला, कंत्राटदाराची घाई असली की फळं तोडायच्या ऐवजी फांद्याच तोडून खाली टाकणारेही होते. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वस्तीजवळच्या जंगलात वनोपज देणाऱ्या झाडांची नवी रोपं कमी आढळली होती. यावर अत्रीचे संशोधक आणि सोलिग यांनी मिळून काढलेला उपाय साधा होता. हंगामाआधी जाणती माणसं आणि संशोधक एकत्र जंगलात जाऊन कोणत्या भागात किती फळ धरलं आहे याचा अंदाज करत. हंगामात किती उतरवलं ते लिहिलं जाई. नंतर बैठकीत दोन्ही आकडे सगळ्यांसमोर मांडून पुढच्या वर्षी कुठे थांबायचं ते ठरे. फांदी तोडणाऱ्याला तिथे उत्तर द्यावं लागे. आर. सिद्दप्पा सेट्टी आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये या पद्धतीचा लेखाजोखा मांडला. सोलिग समाजातूनच आलेले संशोधक सी. मादेगौडा यांनीही त्याच सुमारास आपल्या लोकांच्या संवर्धनाच्या पद्धतींवर लिहिलं.

पण तोवर ज्या कामाचा लेखाजोखा मांडायचा तेच बंद पडलं होतं. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2002 मध्ये दुरुस्ती होऊन अभयारण्यातून विक्रीसाठी वनोपज काढण्यावर निर्बंध आले. बिळिगिरीत 2006 पासून ही बंदी कडक झाली. पोडूतली माणसं कॉफीच्या मळ्यांवर, दूरच्या खाणींवर, रस्त्यांच्या कामावर मजुरीला गेली. झाडावर चढणारं कुणी उरलं नाही, म्हणून बांडगूळ छाटणारंही उरलं नाही. फळ वाचवायला केलेल्या बंदीने फळझाडाचा राखणदारच घरी बसवला.

इथे मला जे म्हणायचं आहे ते सरळ म्हणतो. सोलिगांचं हे ज्ञान काही वेगळं साठवून ठेवलेलं नाही. आवळा उतरवायला गेलं की बांडगूळ दिसतं, कंदाला गेलं की पाचोळ्याची जाडी कळते, मधाला गेलं की फुलोरा मागे पडला आहे की पुढे आला आहे ते कळतं. काम बंद केलं की पाहणं बंद होतं, आणि पुढच्या पिढीला शिकवायला काही उरत नाही. म्हणून एका हाताने काम बंद करायचं आणि दुसऱ्या हाताने 'पारंपरिक ज्ञानाचं दस्तऐवजीकरण' करायचं, हा उद्योग मला अन्यायाचा वाटतो.

2011 आणि त्यानंतर

2011 च्या जानेवारीत अभयारण्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. पोडू उठवणार अशी भीती पसरली. सोलिगांनी आपल्या संघटनेमार्फत 2006 च्या वनहक्क कायद्याचा आधार घेतला. दावे आधीपासून तयार होत होते, येल्लेंचे नकाशे पुरावा म्हणून कामाला आले. 2 ऑक्टोबर 2011 रोजी 25 ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले. व्याघ्र प्रकल्पाच्या आत असे हक्क मिळण्याची ही देशातली पहिली वेळ. आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाने 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळवले होते, पण तिथे व्याघ्र प्रकल्पाचा पेच नव्हता. इथे होता, आणि म्हणून बिळिगिरीचा निकाल इतरांना जास्त उपयोगी.

वनोपज गोळा करायचा आणि विकायचा हक्क परत आला, पूजेच्या जागी जायचा हक्क लेखी मिळाला. 2010 ते 2014 या काळात इथल्या वाघांची संख्या 35 वरून 68 वर गेल्याचे आकडे प्रसिद्ध झाले. सोलिगांमुळे वाघ वाढले असं यावरून सिद्ध होत नाही, मोजणीच्या पद्धतीही सुधारल्या होत्या. पण माणसं जंगलात राहिली तर वाघ राहणार नाहीत, हा युक्तिवाद या आकड्यांसमोर टिकत नाही.

घाणेरी मात्र जागच्या जागी आहे. कायद्याने ग्रामसभांना जंगलाचं संरक्षण आणि व्यवस्थापन करायचा अधिकार दिला. सोलिगांनी संस्थांच्या मदतीने व्याघ्र संवर्धनाचा आपला आराखडाही केला, त्यात आगीचा विषय होता. व्यवहारात आगीचा निर्णय वन विभागाकडेच राहिला आहे. उन्हाळ्यात वणव्यावर लक्ष ठेवायला जे हंगामी मजूर नेमतात त्यांत सोलिग तरुण असतात. आजोबांनी लावलेली आग जंगलाला वाचवत होती आणि नातू आग दिसताच विझवायच्या नोकरीवर आहे. 2017 च्या मार्चमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने व्याघ्र अधिवासात वनहक्क देऊ नयेत असा आदेश काढला, तो पुढच्या वर्षी मागे घेतला गेला. अशा अनिश्चिततेत आगीसारख्या नाजूक विषयावर एकत्र प्रयोग करायला लागणारा विश्वास जमत नाही.

घाणेरीचं लाकूड वापरात आणायचे प्रयत्न शेजारच्या मलै महदेश्वर डोंगरात 2004 पासून चालू आहेत. तिथे सोलिग आणि इतर समाजांचे कारागीर तिच्या काठ्या उकळून, साल काढून खुर्च्या आणि टोपल्या करतात. घराघरात पैसा आला, हे चांगलंच झालं. पण खुर्च्यांना लागणारी घाणेरी किती आणि डोंगरावर माजलेली किती! हे रोजगाराचं काम आहे, त्याला जंगल साफ करायचा उपाय मानू नये.

घाणेरी काढायची खात्रीची रीत दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू यांनी घालून दिली आहे. मातीच्या पृष्ठभागाखाली, जिथून फुटवे येतात त्याच्या खालून मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. काम मजुरीचं आहे, पण जमतं. खरी अडचण नंतर येते. मोकळ्या जागेत पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून पुढची काही वर्षं रोपं उगवतच राहतात, ती उपटायला दरवर्षी माणसं लावावी लागतात, आणि निधी संपला की जागा परत जाळीखाली जाते.

नेमकी इथे तरगु बेंकीची गरज आहे. जाळी काढलेल्या जागेत घाणेरी पुन्हा कोवळ्या रोपांच्या रूपात असते, म्हणजे सोलिग ज्या टप्प्याबद्दल बोलतात तोच टप्पा नव्याने मिळतो. अशा काही जागा निवडून, बाजूला न जाळलेल्या चौकटी ठेवून, जानेवारीत पोडूतल्या जाणत्यांच्या हातून आग लावावी आणि पाच-सात वर्षं मोजणी करावी, हा प्रयोग खर्चाचा नाही. त्याला ग्रामसभेचा ठराव लागेल, वन विभागाची लेखी परवानगी लागेल आणि आग हाताबाहेर गेली तर जबाबदारी कुणाची ते आधी ठरवावं लागेल. सत्तरच्या दशकात ज्यांनी तरुणपणी ही आग लावली ती माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. दव किती वाजेपर्यंत असताना पेटवायचं, वारा कुठल्या खिंडीतून वळतो, कोणत्या येल्लेत एक वर्ष सोडायचं, हे त्यांनाच विचारावं लागणार आहे, म्हणून परवानगीचा अर्ज येत्या पानगळीच्या आत व्हायला हवा.